मनगटावरचा काळा दोरा

माझ्या धाकट्या मुलाने दवाखान्यात दाखल झाल्याच्या पहिल्याच दिवशी वॉर्डबॉयच्या तोंडावर बुक्की मारली आणि मग स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून घेतलं. हे खरं आहे. पण काही कारण नसताना तो असं वागला, हे जे आमच्या घरात आणि इथे गुजरातेत, पांडेसऱ्याच्या आमच्या गल्लीत आजवर बोललं गेलं, ते खोटं आहे. ते खोटं मी चालू दिलं.

तो कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला होता. मिलमधली माणसं आपल्याला मारायला टपली आहेत, असे आवाज त्याला ऐकू येऊ लागले. डॉक्टरच्या आधी मी त्याला धुळ्याकडच्या आमच्या गावी भगताकडे नेलं. भगताने मंतरलेला काळा दोरा दिला. मी स्वतः तो त्याच्या मनगटाला बांधला आणि सांगितलं, हा हातात आहे तोवर तुला कुणी काही करणार नाही. त्याने ते मनापासून मानलं.

पुढे त्याने जेवणच सोडलं, तेव्हा दाखल करावं लागलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. पेशंटने स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून त्या वॉर्डात पट्टा, नाडी, दोरा काहीच अंगावर ठेवू देत नाहीत. सिस्टरने मला गुजरातीत विचारलं, काका, हा दोरा काही खास आहे का? शेजारी डॉक्टर उभे होते. भगताचं नाव काढायची मला लाज वाटली.

"असाच आहे," मी म्हणालो. "कापून टाका."

वॉर्डबॉयची कात्री चालली आणि पोरगा त्याच्यावर धावून गेला. नंतर त्याला धरून ठेवलं, तेव्हा तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणत होता, "दादा, त्यास्नी दोरा कापी टाका." म्हणजे, त्यांनी दोरा कापून टाकला. तो कशाने बिथरला, असं डॉक्टरांनी मला विचारलं. माहीत नाही, म्हणालो.

औषधं लागू पडली. त्यानंतर त्याने कुणावर हात उचलला नाही. तो घरी मशीनवर साड्यांना लेस लावतो. यंदा माझ्या थोरल्या मुलाने शहराबाहेर कामरेजला घर घेतलं. मला न्यायला तो तयार होता, धाकट्याला नाही. त्याची बायको, माझी सून, म्हणाली, घरात लहान मुलगी आहे, भाऊजींचा हात कधी उठेल सांगता येत नाही. तिची काय चूक? मीच तिला अर्धं सांगितलं होतं.

म्हणून एका रविवारी थोरला आणि सून समोर असताना, धाकट्यादेखत मी सगळं सांगून टाकलं. 

"भगताची लाज वाटली तुम्हाला," थोरला म्हणाला. "पोराला वेडापिसा म्हणू देताना नाही वाटली."

 

धाकट्याने मशीन थांबवलं. "मला नुसतं विचारलं असतं ना, काढू का म्हणून, तर मीच सोडून तुमच्या खिशात ठेवला असता, दादा. तुमच्याकडे असता तरी चाललं असतं."

 मग सुनेने त्यालाच विचारलं, "भाऊजी, तिकडे नव्या घरात तुमच्या मशीनला उजेडाची खोली लागेल ना?"