बॉनेटखालचं तीर्थ

ह्यांचं वर्षश्राद्ध उरकलं तरी मी देवघरात दिवा लावत नव्हते. सासूबाई लावायच्या, आणि त्या वेळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुड करत राहायचे. माझे यजमान महाळुंग्यातल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. शिफ्टमध्येच छातीत कळ आली म्हणून ते खाली बसले, आणि आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात हाताखालचं यंत्र बंद पडू दिलं नाही, त्याला असं अर्ध्यावर थांबवणाऱ्या देवाशी काय बोलायचं? भांडायचीही इच्छा नव्हती. मी सरळ अबोला धरला होता.

घरात राहिलो मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे, आमच्याकडे तशीच रीत आहे. आणि दारात राहिली ह्यांची गाडी. जुनी, राखाडी रंगाची, पासिंगची मुदत एकदा वाढवून घेतलेली. दर रविवारी आंघोळीआधी हे बॉनेट उघडून उभे राहायचे. ऑइलची पट्टी पुसून बघायची, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे ना ते बघायचं, इंजिनचा पट्टा दाबून बघायचा, चाकांतली हवा बघायची. मी चेष्टेने म्हणायचे, धडधाकट माणसाची नाडी कशाला बघत बसता? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं की बंद पडल्यावर करतात ती दुरुस्ती, चालू असताना करतात ती देखभाल. आत्या शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. ह्यांचं बघून झालं की देवघरातल्या तांब्यातलं इंद्रायणीचं पाणी पळीने गाडीवर शिंपडायच्या. हे तेवढ्यापुरती मान खाली घालायचे, म्हणजे चार थेंब त्यांच्याही डोक्यावर पडायचे.

पिंपळे गुरवला राहणारे माझे धाकटे दीर म्हणाले, वहिनी, आता ही गाडी भंगारात द्या, जुन्या गाडीच्या मागे लागायला आता दादा आहे का? ते काळजीनेच बोलत होते, पण मला ते सोसलं नाही. मी शाळेत शिकवते. ह्यांनीच मला गाडी शिकवली होती, म्हणून शाळेला तीच नेऊ लागले. पहिल्या दिवशी सीट पुढे ओढून घ्यावी लागली, कारण ह्यांचे पाय लांब. ती खटकन पुढे सरकली आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून खूप रडले. पण रविवारचं काम मी सोडलं नाही. ह्यांच्याच क्रमाने सगळं बघायचे, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करून घ्यायचे. गाडी चालती ठेवली की त्यांचं काहीतरी चालू राहील, असा माझा वेडा हिशेब होता. कूलंटची पातळी रेघेवरून जराही हलायची नाही. तेवढा त्याचा हिरवा रंग मात्र फिका पडत चालला होता. जुनं झालं असेल, सर्व्हिसिंग आलंच आहे, तेव्हा बदलून घेऊ, असं मी ठरवलं.

त्याच सुमारास आत्या आजारी पडल्या. सोमवारी त्यांना धाप लागली आणि चिंचवडच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळा आठवडा शाळा आणि दवाखाना अशा फेऱ्या चालल्या. शुक्रवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्यांना आवडेल ते करू द्या. काय ते मला कळलं. घरी येताना आत्या म्हणाल्या, उद्या एकादशी हाय, मला देहूला ने. पायांत बळ होतं तोवर त्यांनी देहूची एकादशी कधी चुकवली नव्हती. दिरांनी आपली नवी, एसीची गाडी आणतो म्हटलं, तर आत्यांनी तोंड फिरवलं. जायचं तर लेकाच्या गाडीतून, नाहीतर न्हाई.

शनिवारी सकाळी निघालो. डिकीत ह्यांच्या काळापासून पाण्याचा कॅन असायचा, तो काढून मी व्हीलचेअर ठेवली. देहू ते किती लांब? खालुंब्र्याच्या पुढे कंटेनरची रांग लागली होती, ऊन चढलं होतं. येलवाडीकडे वळलो आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. ह्यांनी शिकवलेलं हातांना आठवलं. एसी बंद, इंजिनची उष्णता खेचायला हीटर चालू, गाडी बाजूला. एका लिंबाखाली गाडी थांबवली तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. जवळ पाणी म्हणाल तर आत्यांची प्यायची बाटली, तीही अर्धी. दिरांना फोन केला, ते नाशिक फाट्याला अडकलेले. आत्यांना पुन्हा धाप लागली होती. गाड्यांमागून गाड्या जात होत्या, कोणाला थांबायला सवड नव्हती. या बाईची एवढी एकच इच्छा उरली होती, आणि देहू इतकं जवळ असून मी तिला रस्त्याच्या कडेला आणून बसवलं होतं. अबोला होता तरी मनात म्हटलं, देवा, माझं राहू दे, हिचं तरी बघ. देवाशी मी इतक्या दिवसांनी बोलले ते असं, जवळजवळ दटावून.

थोड्या वेळाने मागे एक टँकर येऊन थांबला. आमच्या या पट्ट्यात कंपन्यांना, सोसायट्यांना पाणी पुरवणारे टँकर दिवसभर पळत असतात, त्यात नवल काहीच नाही. ड्रायव्हर उतरला. चाळिशीचा, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. आत्यांकडे बघून म्हणाला, "माय, गाडी तापली व्हय? पाण्याची काळजी करू नगा, पाणी लई हाय माझ्याकडं."

इतक्या दुःखातही मला हसू आलं. घोटभर पाणी मागावं आणि दारात टँकर उभा राहावा.

इंजिन निवेपर्यंत थांबणं भाग होतं. त्याने आत्यांना उतरवून सावलीत व्हीलचेअरवर बसवायला मदत केली. मी वाकून शोधलं तर खालच्या रबरी नळीला, क्लिपपाशी, बारीक चीर होती. तिच्याभोवती जुने पांढुरके डाग होते, म्हणजे गळती आजची नव्हती. हे मला समजेना. मी आत्यांना म्हटलं की गेल्या रविवारी तर टाकी रेघेपर्यंत भरलेली होती, दर रविवारी असते, मग एवढं गळून पाणी कमी कसं होत नव्हतं?

आत्यांनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, "मी घालत व्हते."

मला वाटलं, त्यांना भ्रम झाला. पण त्या अगदी शुद्धीवर होत्या. मी सकाळी आंघोळीला गेले की त्या किल्ली घ्यायच्या, आत वाकून बॉनेटचा खटका ओढायच्या, लेकाला इतकी वर्षं बघत बसल्या होत्या त्यामुळे सगळं माहीत होतं. आणि देवघरातल्या तांब्यातलं तीर्थ टाकीत ओतायच्या, रेघ दिसेपर्यंत. रोज. सोमवारी दवाखान्यात गेल्या, तेव्हापासून टाकीला पाणी मिळालं नव्हतं.

"का पण, आत्या?"

"त्याच्या तोंडात शेवटचं पानी घालायला मिळालं न्हाई मला," त्या म्हणाल्या. "पोटचा पोर कोरड्या तोंडानं गेला. म्हनून त्याच्या गाडीला पाजत व्हते, पोरी."

मी तिथेच धुळीत त्यांच्या गुडघ्याशी बसले. दोघी एका घरात एकाच माणसासाठी झुरत होतो आणि एकमेकींपासून लपवत होतो. मी रविवारी रेघ बघून समाधान मानायचे की त्यांचं काम नीट चाललंय, आणि ती रेघ रोज त्यांची आई भरत होती. त्या पाण्यानेच रंग फिका केला आणि गळती झाकली, हेही खरं. राग यायला हवा होता, आला नाही. मी मनसोक्त रडले, आत्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. टँकरवाला भला माणूस, पाठ करून उभा राहिला.

ह्यांच्या हत्यारांच्या पिशवीत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी होती. इंजिन निवल्यावर ती मी चिरेवर आवळून बांधली. टँकरवाल्याने आपला कॅन भरून आणला. आत्यांनी विचारलं, पाणी कुठलं? तो म्हणाला, "हितलंच, इंद्रायणीच्या काठच्या विहिरीचं, माय." आत्यांनी दोन्ही हात पुढे केले. आम्ही व्हीलचेअर पुढे घेतली, त्याने कॅन धरला, त्यांचा हात कॅनवर ठेवला, आणि टाकीत पाणी पडू लागलं. आत्यांचे ओठ हलत होते. त्या काय म्हणत होत्या ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलं नाही.

निघताना मी त्याचं नाव विचारलं तर तो हसून म्हणाला, नाव काय करायचं, ताई, देवाला माझाबी नमस्कार सांगा. आत्यांच्या पाया पडला आणि टँकर घेऊन निघून गेला. कोणी म्हणेल, त्या रस्त्याने दिवसाला कितीतरी टँकर जातात. जातात खरे. मी वाद घालत नाही. मी हाक मारली आणि पाणी आलं, एवढं मला ठाऊक आहे.

हळूहळू चालवत, काट्यावर डोळा ठेवून, आम्ही पूल ओलांडून देहूला पोचलो. नदीत जलपर्णी माजली होती. आत्या बघून म्हणाल्या, लई मळली गं माय माझी, आणि तिलाही हात जोडले. देवळाच्या दारातून त्यांनी डोळे भरून विठोबाला पाहिलं. तीर्थ हातावर घेतलं, थोडं प्यायल्या, उरलेलं माझ्या डोक्याला लावलं. मी मान खाली घातली. घातल्यावर लक्षात आलं, हे अशीच घालायचे.

त्यानंतर आत्या थोडेच दिवस होत्या. एका सकाळी त्यांनी डोळ्यांनीच मला जवळ बोलावलं. मी देवघरातला तांब्या आणला, तुळशीचं पान घातलं आणि पळीने त्यांच्या तोंडात पाणी सोडलं. एक घोट गेला. दुसरा ओठांच्या कडेने ओघळला, तो मी पदराने टिपला. कोणी कोरड्या तोंडाने जाऊ नये एवढंच त्या माउलीचं म्हणणं होतं, आणि ती स्वतः तशी गेली नाही. हे काम देवाने माझ्या हातून करून घेतलं, याचे उपकार मी कशाने फेडू?

नळी बदलली आहे. कूलंट नवीन, हिरवंगार आहे. दिवा आता मीच लावते. देखभाल आपल्या हाती आहे, ती मन लावून करावी. कोणाला किती चालवायचं हे आपल्या हाती नाही, ते सोडून द्यावं. मला हे अजून पुरतं जमत नाही. काही रविवारी बॉनेट उघडते आणि डोळ्यांना धारा लागतात. मग ऑइल बघते, पट्टा दाबते, हवा बघते. टाकीतलं पाणी रेघेवर असतं, त्यात भर घालायची गरज नसते. तरी टोपण उघडते, तांब्यातलं पळीभर तीर्थ आत सोडते आणि म्हणते, घ्या, दोघांनी प्या. मग टोपण घट्ट लावून बॉनेट खाली घेते.