त्या सहांतला एक

रोसाल्बा कास्तिब्लांको फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी भट्टीच्या चौकात आली, तेव्हा मला वाटलं धंद्यात वाटेकरीण आली. मी तिथं अकरा वर्षं मक्याचे जाड आरेपा भाजते. तिच्याकडे ढकलगाडी होती, तीन थर्मास, काळी कॉफी आणि गुळाचं गरम पाणी. पण गाडी तिनं बसथांब्याशी लावली नाही. उजवीकडच्या वळणावर लावली, जिथं कोणी थांबतच नाही.

बाई, तिथं कुत्रंही फिरकत नाही, इकडे या, असं मी तिला सांगून पाहिलं. तिनं नुसती मान हलवली आणि अंगावरच्या लोकरी रुआनाच्या आतून वही काढली. सायकल गेली की एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. सकाळी साडेपाच ते साडेआठ तिचं हेच चाललं होतं. तेवढ्या वेळात सात कप कॉफी खपली असेल.

मंगळवार आणि गुरुवार, असे तिचे दिवस. तिसऱ्या खेपेला मी तिला एक गरम आरेपा नेऊन दिला आणि विचारलं. रस्त्यावरची नजर न काढता तिनं सांगितलं. यामिद तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. गवंडी होता, दक्षिणेकडच्या बोसा वस्तीतून सायकलनं निघायचा आणि शहराच्या उत्तर टोकाला उंच इमारतींवर कामाला जायचा. आदल्या मार्चमध्ये या वळणावर बसनं त्याला कडेच्या दगडाशी दाबलं. पोलिसांच्या कागदावर कारणापुढे लिहिलंय, सायकलस्वाराचा निष्काळजीपणा.

त्या दिवशी मी इथंच होते. त्याच्या अंगावर चादर टाकली ती माझ्याच गाडीवरची. हे तिला सांगितलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात दोन सायकली निघून गेल्या.

"दोन गेल्या," मी म्हणाले.

तिनं दोन रेघा मारल्या. मग म्हणाली, "तुमचं नाव काय?"

"कुस्तोदिया."

"कुस्तोदिया, मी इथं रडायला आलेली नाही. मला एका माणसाला खाली पाडायचंय."

आधी तिला ड्रायव्हर हवा होता. त्याचं घर तिनं शोधून काढलं आणि दोन रविवार पिशवीत अर्धी वीट घेऊन ती त्याच्या दारासमोर उभी राहिली. दुसऱ्या रविवारी तो बाहेर आला आणि तिला ओळखून समोर येऊन थांबला. तुम्हाला मारायचं असेल तर मारा, म्हणाला. पण मग एवढं सांगितलं, की सायकलींची वेगळी पट्टी होती तिथंच आता बसची पट्टी आहे, आणि माझ्या सीटवरून उजवीकडचा माणूस दिसतच नाही. मी तीन वेळा लेखी कळवलंय. रोसाल्बानं वीट तिथंच फुटपाथवर ठेवली आणि घरी आली. राग कमी झाला नाही, असं ती मला म्हणाली. फक्त त्याचा पत्ता बदलला.

नवा पत्ता होता साउलो बेनाविदेस. रस्त्यांच्या आखणीचा मोठा इंजिनिअर. सायकलींची पट्टी उखडून तिथं बस घालायचा बेत त्याचाच. यामिदला जाऊन दहा महिने झाले असतील, तेव्हा हे गृहस्थ टीव्हीवर आले. पट्टी होती त्या वर्षी या रस्त्यावर सायकलवरचे नऊ जण मेले होते, ती काढल्यावर सहाच, म्हणजे मृत्यू एक तृतीयांशानं घटले, असं हसून सांगितलं. त्यासाठी त्यांना एक सन्मानचिन्हही मिळालं.

"त्या सहांत माझा भाऊ आहे," रोसाल्बा म्हणाली. "आणि हा त्याला यश म्हणून दाखवतोय."

ती युनिव्हर्सिटीत गेली. तिथं हिमेना उर्रेगो नावाच्या डॉक्टरीणबाई रस्त्यावरच्या अपघातांचा अभ्यास करतात. औषधाच्या नव्हेत, आकड्यांच्या डॉक्टर. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की नऊ मेले तेव्हा किती सायकली जात होत्या, आणि सहा मेले तेव्हा किती? पट्टी असतानाची मोजणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेली होती. या चौकात सकाळच्या तीन तासांत अठराशे चाळीस. नंतरची कोणीच केली नव्हती. बेनाविदेसच्या खात्याला तर ती नकोच होती.

"मग मी करते," रोसाल्बा म्हणाली होती.

वर्षभर तिनं केली. पावसात वहीवर प्लास्टिक धरून केली, तापानं फणफणली असताना केली. हळूहळू मलाही रेघा मारता यायला लागल्या, तिला लघवीला जायचं असलं की वही माझ्याकडे. सातशे, सातशे चाळीस, सहाशे नव्वद. आकडा खाली गेला की तिचा चेहरा खुलायचा. मला ते बघवत नसे. सायकली कमी, म्हणजे माणसं घाबरून घरी बसली, नाहीतर कर्ज काढून मोटरसायकल घेतली. आणि ही खूश. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे मी कशी दिसते ते. दिसू दे."

ऑगस्टमध्ये बसवाल्यांचा संप झाला. त्या गुरुवारी चौकातून एकोणीसशे बारा सायकली गेल्या. रेघा मारताना तिचा हात दुखून आला आणि तोंड कडू झालं. साडेआठला तिनं ते पान वहीतून फाडायला घेतलं. मी तिचा हात धरला. आपल्याला हे कळत नाही, आधी डॉक्टरीणबाईंना विचार, असं सांगितलं. ती चिडली, पण गेली.

हिमेनाबाईंनी पान सपाट करून तिच्यापुढे ठेवलं. पान फाडलंत तर बेनाविदेस ते शोधून काढेल आणि तुमचं अख्खं वर्ष एका मिनिटात कचऱ्यात टाकेल, असं त्या म्हणाल्या. मोजणी सुरू करायच्या आधीच आपण ठरवलंय, की सगळे दिवस चढत्या क्रमानं लावायचे आणि बरोबर मधला आकडा घ्यायचा. म्हणजे एखादा संपाचा दिवस त्याला हलवू शकत नाही. पानाच्या कडेला फक्त 'संप' एवढं लिहा. रोसाल्बानं लिहिलं. दुसरीही एक गोष्ट त्यांनी तिला समजावली. नऊ आणि सहा हे लहान आकडे आहेत, योगायोगानंही हलतात. नुसत्या मेलेल्यांवर भांडू नका, जखमी मोजू. मग त्यांनी दवाखान्यांच्या नोंदी मिळवल्या.

पुढच्या फेब्रुवारीत नगरसभेत सकाळची जाहीर सुनावणी लागली. मी गाडी बंद ठेवून गेले. बेनाविदेस साहेब आधी बोलले, गोड बोलले. दुसऱ्या वर्षीही सहाच मृत्यू, म्हणजे सुधारणा टिकून आहे, म्हणाले. मग रोसाल्बाकडे वळून म्हणाले, "रोसाल्बाबाई, तुमचं दुःख मी समजतो. पण शहर दुःखावर चालत नाही, आकड्यांवर चालतं."

"म्हणूनच आकडे आणलेत," ती म्हणाली.

तिनं कागद उघडला आणि सावकाश वाचलं. पट्टी होती तेव्हा सकाळी अठराशे चाळीस सायकली, आता सातशे वीस. मेलेले नवाचे सहा झाले, पण सायकली निम्म्याहूनही कमी राहिल्या. म्हणजे या रस्त्यावर सायकल काढणाऱ्या प्रत्येकाचा मरायचा धोका घटला नाही, जवळजवळ पावणेदोन पट झाला. जखमी एकशे बाराचे पंच्याण्णव झाले. दर सायकलीमागे ते दुपटीहून जास्त होतात.

साहेब हसले. कॉफी विकता विकता केलेली मोजणी आम्ही मानायची का, असं त्यांनी विचारलं. हिमेनाबाई उठल्या. दहा दिवस त्यांनी चौकात कॅमेरा लावला होता, रोसाल्बालाही न सांगता. तिच्या रेघा आणि कॅमेरा यांत शंभरामागे दोनाचाही फरक नव्हता. मग त्यांनी संपाचं पान दाखवलं. आमच्या बाजूनं नसलेला दिवसही इथं आहे, म्हणाल्या. साहेबांचं हसू तिथं थांबलं.

सभेच्या अध्यक्षबाईंनी रोसाल्बाला तिची मागणी विचारली. ती राजीनामा मागणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"राजीनामा नंतर बघू," ती म्हणाली. "साहेबांनी मंगळवारी सकाळी बोसाहून या चौकापर्यंत माझ्यासोबत सायकलवर यावं. सायकल मी देते. माझ्या भावाची आहे. पुढचं चाक नवीन टाकलंय."

सभागृहात पुढच्या रांगेत पत्रकार बसलेले. साहेबांना नाही म्हणता आलं नाही.

त्या मंगळवारी वही माझ्याकडे होती. सातच्या सुमाराला ते दोघं आले, पुढे ती, मागे साहेब, नव्याकोऱ्या हेल्मेटमध्ये, पांढरेफटक. त्यांच्यामागे मोटरसायकलवर दोन पत्रकार. वळणावर बस आली. रोज जशी येते तशीच, कोणी मुद्दाम पाठवलेली नव्हती. साहेबांच्या कोपराला तिचा वारा लागला असेल नसेल, त्यांनी सायकल सोडली आणि फुटपाथवर उडी टाकली. तळहात सोलवटले. यामिदची सायकल गटारात आडवी पडली.

रोसाल्बानं आपली सायकल उभी केली आणि ती त्यांच्यासमोर येऊन थांबली. हात दिला नाही.

"निष्काळजीपणा कोणाचा झाला, साहेब?" तिनं विचारलं.

ते सोललेल्या तळहातांवर फुंकर घालत राहिले. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्याकडे आली आणि वहीत डोकावली.

"आम्हाला मोजलंस?"

"दोन लिहिलेत."

"एक खोड. ते पार झाले नाहीत."

मी एक रेघ खोडली.

पट्टी परत यायला त्यानंतर आठ महिने लागले. बेनाविदेसना शिक्षा वगैरे काही झाली नाही. त्यांना दुसऱ्या खात्यात हलवलं, तिथं ते नकाशांवर सह्या करतात. यामिदच्या कागदावरचं कारण मात्र वकिलाच्या मागे लागून रोसाल्बानं बदलून घेतलं. आता तिथं 'रस्त्याच्या आखणीतला दोष' असं आहे. त्या दिवशी ती माझ्या गाडीमागे बसून अर्धा तास रडली. आधीच्या दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

नंतर एकदा साहेब एकटेच चौकात आले. टोपी हातात. तिच्याकडे कॉफी मागितली आणि प्यायच्या आधीच माफीही मागितली. मला झोप लागत नाही, म्हणाले. रोसाल्बानं कप भरून दिला.

"कॉफी घ्या," ती म्हणाली. "दुसरं माझ्याकडे नाही."

ते गेल्यावर मी तिला बोलले. माणूस स्वतःहून आला होता, दोन शब्दांनी तुझं काय गेलं असतं? तिनं थर्मासचं झाकण फिरवत सांगितलं, की यामिदला विचारता आलं असतं तर तिनं विचारलं असतं. तो नाही, तर त्याच्या वतीनं ती कोणाला काही देणार नाही. अजूनही मला वाटतं, द्यायला हवं होतं. तिला तसं वाटत नाही.

आता ती आमच्या चौकात नसते. हिमेनाबाईंच्या कामावर शहराच्या पश्चिमेकडच्या एका रस्त्यावर असते. तिथं गेल्या वर्षी सायकलवरच्या दोघी जणी मेल्या, दोघी फुलांच्या मळ्यात कामाला जाणाऱ्या. गेल्या आठवड्यात तिला भेटायला गेले, तर मोजणी सुरू होऊन चारच दिवस झाले होते. तिथल्या इंजिनिअरचं नाव तिनं आधीच विचारून घेतलंय.