टाकी आमच्या डोक्यावर

आमच्या बिल्डिंगमध्ये एक समजूत फार पक्की आहे. टाकीच्या जवळ जो राहतो, त्याला पाणी जास्त मिळतं. नेरूळच्या जुन्या सेक्टरमधली ही चार मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग. आम्ही सगळ्यात वर राहतो, आणि पाण्याची टाकी गच्चीत, बरोबर आमच्या बाथरूमच्या वर आहे. त्यामुळे आमच्या शॉवरला पाणी येत नाही असं म्हटलं की लोक हसतात. "सर, टाकी तर तुमच्या डोक्यावर आहे!"

हसणाऱ्यांना मी दोष देत नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी देतो. मी उभा जन्म ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात घालवला, आणि यातले निम्मे लोक कुठे ना कुठे हाच धडा शिकून पास झालेले आहेत. पाण्याचा दाब ठरतो तो टाकीतल्या पातळीपासून आपण किती खाली आहोत, त्यावर. टाकी केवढी रुंद आहे, तिच्यात पाणी किती मावतं, याच्याशी दाबाचं काही देणंघेणं नाही. म्हणून तळमजल्यावर नळ सोडला की पाणी बादलीच्या तळावर आपटून बाहेर उडतं, आणि आमच्या शॉवरमधून थेंब विचार करकरून पडतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

इतकी वर्षं त्यावाचून काही अडलं नव्हतं. आम्ही बादली आणि मगवाली माणसं. शॉवर बिल्डरने लावून दिला म्हणून होता. त्याच्या दांडीवर बायको नॅपकिन वाळत घालायची. मग ती पडली.

माळ्यावरचा पितळी डबा काढायला ती लाकडी स्टुलावर चढली, हात लांब केला आणि स्टुलासकट खाली आली. गुरुत्वमध्य बैठकीच्या बाहेर गेला की वस्तू कलंडते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. ते घरात घडलं तेव्हा मी हॉलमध्ये बसून पेपर वाचत होतो. उजव्या खांद्यापाशी हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हात झोळीत आला. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी आंघोळीची परवानगी दिली, पण हात अजिबात वर न्यायचा नाही, असं बजावलं. डावं मनगट संधिवाताने आधीच धरलेलं. भरलेला मग त्या हाताने डोक्यापर्यंत पोचत नव्हता. तेव्हा आंघोळ मी घालायची, हे ओघानेच आलं.

तिला ते मुळीच पटलं नाही. "मला न्हाऊ घालायला मी काय बाळंतीण आहे?" ती म्हणाली. बाई ठेवू म्हटलं, तर म्हणाली, "परक्या बाईपुढे बसू? त्यापेक्षा तुम्ही परवडलात."

मी परवडलो, पण तेवढंच. परकर छातीशी बांधून ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मी मागून पाणी ओतायचो. "गरम आहे." "पुरे." एवढंच बोलणं. तुर्भ्याच्या ऑफिसात नोकरी करून घरी आली की दार उघडायच्या आधीपासून जिची टकळी सुरू व्हायची, ती बाई आंघोळीच्या वेळी मुकी होत होती. मला त्या गप्प बसण्याचा राग यायचा. मी काय तिच्यावर उपकार केल्याचं दाखवत होतो का? मग मी तोंड पुसून देताना तिचा चेहरा बघायचो आणि राग ओसरायचा. लहान मूल नाइलाजाने उभं राहतं तशी ती डोळे मिटून उभी असायची, आणि मला फार वाईट वाटायचं.

एकदा पदर सावरता सावरता ती म्हणाली, "मला एकदा आतून कडी लावून आंघोळ करायची आहे. बाकी काही मागत नाही तुमच्याकडे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने खरोखरच फारसं काही मागितलं नव्हतं. मी विचार केला, शॉवर नीट चालला तर ती त्याच्याखाली नुसती उभी राहील, हात उचलायची गरजच नाही. म्हणजे प्रश्न दाबाचा, आणि दाब हा तर माझा घरचा विषय. प्रेशर पंप बसवला असता तर काम झालं असतं, पण आमच्या सोसायटीत पंपाला बंदी आहे. एकाने पंप लावला की त्याच पाइपवरच्या बाकीच्यांचं पाणी ओढलं जातं, हे आकृतीसकट समजावून तो ठराव मीच मांडला होता. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग उरला एकच उपाय: टाकी वर उचलायची. लोखंडी स्टँड करून ती माणसाच्या उंचीएवढी वर नेली की आमचा शॉवर धो धो वाहील. योगायोगाने जुनी टाकी तडकली होती आणि सोसायटीत नवीन घ्यायचं चाललंच होतं. आमचे चेअरमन इथल्याच मूळ गावातले. कळंबोलीच्या बाजारात त्यांचा लोखंडाचा धंदा. स्टँड त्यांच्या डाव्या हातचा मळ.

मीटिंगला मी प्लास्टिकची बाटली घेऊन गेलो. तिला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं पाडून चिकटपट्टी लावलेली. पाणी भरून पट्टी ओढली. खालच्या भोकातली धार लांब गेली, वरची जागच्या जागी गळली. हा प्रयोग पाहून वर्गात पोरं शिट्ट्या मारायची. इथे धार चेअरमनच्या पँटवर गेली.

"बघा," मी म्हणालो, "सगळ्यात वरचं भोक म्हणजे आम्ही."

चेअरमननी रुमालाने पँट टिपली. माणूस मनाचा मोठा, रागावले नाहीत. "सर, तुमचा बरोबर हाय," ते म्हणाले. "पन ही बाटली झाली. टाकी ती टाकी. टाकी लहान हाय म्हनून पानी जोर करत नाय. मोठी आनली का जोर येनारच ना!"

"मोठी आणून काही होणार नाही. उंच करा."

"उंच केली आनि स्लॅब बसला तं? बिल्डिंग जुनी झाली सर. तुमच्याच डोक्यावर येल."

हा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून मला जास्तच संताप आला. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. कोणी मोबाइल बघत होतं, कोणी सतरंजीवरचं पाणी पायाने सारत होतं. पालथ्या घड्यावर पाणी, आणि तेही माझ्याच बाटलीतलं. मोठ्या टाकीला सगळ्यांचे हात वर झाले. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "लोकशाही झाली."

पंधरवड्यात नवी काळी टाकी दोरांनी गच्चीवर चढली. जुनीपेक्षा चांगली रुंद, उंची तेवढीच. चेअरमन मुद्दाम आमच्याकडे आले. "सर, बघा आता शॉवर सोडून." मी सोडला. थेंब पूर्वीसारखेच विचार करकरून पडले. ते वर बघून म्हणाले, "नवीन हाय. जरा बसू द्या तिला." माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि त्याचा मला कणभरही आनंद झाला नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली.

ही बातमी तळमजल्यापर्यंत गेली. तिथे एक मुस्लिम कुटुंब राहतं, मूळचं रायगडच्या किनाऱ्यावरचं. त्यांच्या घरातल्या चाचींचं आणि बायकोचं चांगलं गूळपीठ. चाची चार जिने चढून वर आल्या. "ताई, लाजता कशाला? आमच्याकडे या आंघोळीला. नळ सोडला की अंगावर येतो आमचा."

मला वाटलं ही नाही म्हणेल. पण दुसऱ्या दिवशी साडी, टॉवेल, साबण पिशवीत घालून ती निघाली. मी पिशवी धरून मागे. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "कुठे निघालात? गावाला?" आणि ही शांतपणे सांगायची, "आंघोळीला." बराच वेळ लावून ती परत आली. चार जिने चढून घामाघूम झालेली. म्हणजे त्या आंघोळीचा उपयोग तसा शून्यच. पण चेहरा वेगळा होता.

खुर्चीत बसून तिने दम घेतला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही शिकवणी घ्यायचात तेव्हा स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू यायचं. पोळ्या लाटता लाटता पाठ झालंय. दाब कशावर? तर दोन पातळ्यांच्या उंचीतल्या फरकावर. बरोबर?"

"बरोबर."

"मग फरक वाढवायला टाकीच वर कशाला न्यायला हवी? मी चार मजले खाली गेले तर पाण्याने मला भिंतीला टेकवलं. चार फूट खाली बसले तर काहीतरी येईलच की."

 सवयीप्रमाणे म्हणालो, "तेवढ्याने फारसा फरक पडणार नाही." मग कागद घेतला, टाकी काढली, स्लॅब काढला, शॉवर काढला. टाकी गच्चीवर जेमतेम विटांवर टेकलेली. तिच्या तळापासून आमच्या शॉवरपर्यंतचं अंतर चार फूटही भरत नव्हतं. तोच शॉवर बसलेल्या माणसाच्या डोक्याशी आणला तर अंतर जवळजवळ दुप्पट होत होतं. फरक म्हणताना दोन टोकं असतात, हे मी प्रत्येक बॅचला बजावून सांगत आलो होतो. आणि महिनाभर एकाच टोकाला लोंबकळत, सगळ्या बिल्डिंगशी भांडत बसलो होतो.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. पूर्ण मार्क," मी म्हणालो.

हार्डवेअरच्या दुकानातून लांब नळीचा हँडशॉवर आणला. तो अडकवायला बाथरूमच्या भिंतीत खाली खुंटी मारली. बसायला प्लास्टिकचा स्टूल आणतो म्हटलं, तर ती म्हणाली, "नको. ज्याने मला पाडलं, त्यालाच खाली आणा." मी त्या लाकडी स्टुलाचे पाय कापले. बुटकी आणि रुंद वस्तू सहज कलंडत नाही, हे शास्त्राला धरूनच होतं. पण माझी करवत शास्त्राला धरून नव्हती. एक पाय आखूड झाला, म्हणून दुसरा कापला, मग तिसरा. "असंच चालू द्या," ती दारातून म्हणाली, "म्हणजे शेवटी पाट होईल." अखेर पायांना रबरी बुचं बसवली तेव्हा तो हलायचा थांबला. मी स्वतः त्यावर बसून, डावीउजवीकडे झुकून खात्री केली.

सकाळी पाणी आलं. ती टॉवेल घेऊन आत गेली. कडी लावू नकोस, पडलीस तर काय, असं मी म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मी दाराशी खुर्ची ओढून पेपर उघडला. एकही ओळ वाचली नाही. कान आत. आधी नुसती शांतता. मग नळ फिरला, आणि पाणी पडायला लागलं. धो धो नाही, पण सलग. थेंब नव्हते ते, धार होती.

"अहो!" आतून आवाज आला. "येतंय बरं का! केसांत जातंय नीट." मी बरं म्हणालो. त्यावर तिला उत्तर नकोच होतं. ती बोलत राहिली. चाचींच्या बाथरूममधल्या फरशा कशा आहेत, चेअरमनच्या बायकोने टाकीबद्दल नवऱ्याला काय सुनावलं, शिकेकाई संपत आली आहे, आणि माझी खुंटी वाकडी बसली आहे. इतक्या दिवसांची साचलेली टकळी पाण्याबरोबर सुटली होती. मी पेपर तोंडापुढे धरला. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी धरला. आनंद तर झालाच होता, पण आता सकाळी माझं काही काम उरलं नाही, हेही लक्षात आलं, आणि ते थोडं टोचलं.

पाणी थांबलं. बोलणंही थांबलं. थोड्या वेळाने कडी निघाली आणि दार हातभर उघडलं.

"पाठ राहिली," ती म्हणाली. "तेवढी चोळून द्या. आणि लगेच बाहेर जा, मला परत कडी लावायची आहे."