भाचीची गाडी

गल्लीत त्यांना सगळे कंडक्टर म्हणत. बसची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी दारात चार माणसं उभी दिसली की यांच्या तोंडून 'पुढे सरका, पुढे सरका' निघायचंच. आवाज खणखणीत, जीभ त्याहून धारदार आणि दुसऱ्याच्या भांडणात मधे पडायची भारी हौस. गल्लीत फक्त रहिवाशांसाठी परवान्याचं पार्किंग यावं हे खूळही त्यांचंच. शेजारच्या रस्त्यावर ऑफिसं झाली, तिथल्या लोकांच्या गाड्या सकाळपासून गल्लीत ठाण मांडू लागल्या, तेव्हापासून कंडक्टरांना चैन नव्हती. वाहतूक खात्याचे उंबरठे झिजवून झिजवून त्यांनी शेवटी खात्याला जागं केलं, आणि रहिवाशांचं म्हणणं ऐकायला एक मॅडम आल्या.

मॅडमबरोबर दारोदार हिंडताना कंडक्टरांचा रुबाब बघण्यासारखा होता. प्रश्न मॅडमनी विचारायचा आणि घरातल्यांनी तोंड उघडायच्या आत उत्तर यांनी द्यायचं. समोरची टेलरबाई मशीनवरून उठून आली आणि म्हणाली, "माझी बहीण येते अधूनमधून. तिनं गाडी कुठं लावायची?"

"मोठ्या रस्त्यावर!" कंडक्टर म्हणाले. "पाहुण्यांचे लाड करत बसलो तर झालंच पार्किंग! बहीण असो, मेहुणी असो, चालत येऊ दे की. पाय दिलेत ना देवानं?"

"आणि तुमची भाची?"

"तीही येईल चालत," ते म्हणाले. बोलून तर गेले, आणि मॅडमना घाईनं पुढच्या दाराकडे घेऊन निघाले.

कारण ती त्यांची भाची नव्हतीच मुळी.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली; 'नको' एवढा एकच शब्द उरला. मुलगा परमुलखात, फोनवरून काळजी करणारा. मग एका संस्थेची सेविका सकाळ-संध्याकाळ येऊ लागली. पहिल्याच दिवशी टेलरबाई दारात हजर. "कोण हो ही?" आणि कंडक्टरांच्या तोंडून निघालं, "भाची. धाकट्या बहिणीची."

आता या बढाईखोर माणसाला खरं सांगायला काय झालं होतं? झालं होतं हे की, कोपऱ्यावरच्या केमिस्टचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यानं एक माणूस कामाला ठेवला होता, आणि कंडक्टर भर रस्त्यात गरजले होते, "बाप सांभाळायला भाड्याची माणसं! आपलं माणूस आपणच बघायचं असतं!" केमिस्टनं मान खाली घातली होती. वर्षभरात म्हातारा गेला. तेव्हापासून केमिस्ट यांना औषधाची पुडी देतो, पण एक शब्द बोलत नाही.

तर असं होतं ते. त्या मुलीनं हसून खोटं पदरात घेतलं आणि यांना मामा म्हणायला लागली. हळूहळू सगळ्या गल्लीची ती भाची झाली. तिची छोटी राखाडी गाडी दारासमोर दिसली की लोक म्हणत, "आली बघा भाची." कंडक्टरांनाही कधीकधी ते खरंच वाटायचं.

पार्किंगच्या शेवटच्या सभेच्या दिवशी सकाळी ती बायकोच्या कमरेला उचलायचा पट्टा बांधत होती. बांधता बांधता म्हणाली, "मामा, रस्त्यावर पार्किंगच्या पट्ट्या मारल्यावर मला इथं गाडी लावता येणार नाही ना?"

"बघू."

"बघू नाही. मोठ्या रस्त्यावर जागा मिळत नाही. इथून निघाले की लगेच पुढचं घर असतं माझं, तिथली आजी वाट बघत असते. मी संस्थेला सांगून टाकलंय, जमणार नाही. ते दुसऱ्या कुणाला पाठवतील तुमच्याकडे."

पलंगावरून बायकोचा डावा हात आला आणि त्यानं मुलीची ओढणी धरली. सोडेचना. कंडक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसरं कुणी म्हणजे काय, ते त्यांनी एकदा भोगलं होतं. मुलगी सुट्टीवर गेली तेव्हा बदली बाई आली होती. बायकोनं तिच्या हातून पाण्याचा थेंब घेतला नाही, दात घट्ट मिटून पडून राहिली. बाई कंटाळून गेली. मग कंडक्टरांनी स्वतःच बायकोला उचललं, आणि न्हाणीघरात दोघंही कोसळली. ओल्या फरशीवर ती यांच्या हातावर पडलेली. खिडकीतून टेलरबाईच्या मशीनचा आवाज स्पष्ट येत होता. एक हाक मारायची खोटी होती. त्यांनी मारली नाही. जोर गोळा होईपर्यंत तसेच पडून राहिले, आणि बायको त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेची त्यांना अजून धास्ती होती.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सगळी गल्ली जमली. मॅडमनी भिंतीवर नकाशा लावला होता. कोणत्या बाजूला पट्ट्या, वेळ काय, सगळं समजावून झालं. हात वर झाले, योजना पास झाली. कुणीतरी म्हणालं, "कंडक्टर जिंकले!" टाळ्या पडल्या. कंडक्टर पुढच्या रांगेत बसले होते. त्यांचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"एक शेवटचं," मॅडम म्हणाल्या. "घरी आजारी माणूस असेल आणि त्याच्याकडे कुणी कामाला येत असेल, तर त्या सेविकेच्या नावानं एक राखीव जागा देता येते. नातेवाईकांना नाही, लक्षात घ्या. आणि ती जागा तुम्हा सगळ्यांच्या वाट्यातून जाणार, म्हणून मागायची ती इथंच, सगळ्यांसमोर. आहे कुणाला गरज?"

लोक पिशव्या उचलून निघायच्या तयारीला लागले. कंडक्टरांच्या उजवीकडे केमिस्ट बसला होता, हाताची घडी घालून. उद्या सभा नाही, परवा नाही. आज गप्प बसलं की संपलं.

"नाही ना कुणाला?" मॅडम नकाशाची टाचणी काढायला वळल्या.

"आहे," कंडक्टर म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनाच ओळखू येईना. ते उठले. "आहे. मला आहे."

"अहो, तुमची तर भाची येते," टेलरबाई म्हणाली.

"भाची नाही ती. संस्थेची बाई आहे. पगारी." पुढचं बोलायला त्यांना खुर्चीची पाठ धरावी लागली. "बायकोला मला एकट्याला उचलता येत नाही. एकदा उचलायला गेलो, दोघंही पडलो. मी हाकसुद्धा मारली नाही कुणाला. लाज वाटली. ही मुलगी गेली तर माझी बायको पाणीदेखील पिणार नाही."

मग केमिस्ट उठला, सावकाश.

"माझ्या बापाच्या वेळी काय म्हणाला होतात?"

"भाड्याची माणसं म्हणालो होतो."

"भर रस्त्यात."

"हो. आता भर सभेत सांगतो, चुकलो. माझं तोंड फार सुटलेलं होतं."

केमिस्ट मॅडमकडे वळला. कंडक्टरांना वाटलं, हा आता नाही म्हणणार. त्याला हक्कच होता तसा.

"द्या जागा," केमिस्ट मॅडमना म्हणाला. "माफीचं मी माझं बघेन." आणि खाली बसला.

बाकी कुणी हरकत घेतली नाही. मॅडमनी पेन उघडलं. "सेविकेचं नाव?"

कंडक्टरांनी तोंड उघडलं. "भा..." म्हणाले आणि थांबले. डोक्यात दुसरं काही येईचना. पहिल्या दिवशी संस्थेनं नाव सांगितलं असणार, पण खोटं पक्कं राहावं म्हणून त्यांनी ते कधी उच्चारलंच नव्हतं.

"अहो, दोन वर्षं येतेय की ती!" टेलरबाई म्हणाली. या खेपेस मान कंडक्टरांची खाली गेली.

"सकाळी कळवा," मॅडम म्हणाल्या.

ते घरी आले तेव्हा मुलगी बायकोला चमच्यानं पाणी पाजत होती. ते दारातच उभे राहिले.

"जागा मिळाली," ते म्हणाले. "तुझ्या नावावर. नाव लिहून द्यायचंय."

"मग द्या की लिहून." तिचा चेहरा उजळला. ते हलेनात, तेव्हा तिचा चमचा हातातच राहिला. "मामा, तुम्हाला माझं नाव माहीत नाही?"

"नाही गं," ते म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

तिनं मान फिरवली. तिला ते लागलं होतं, आणि त्यांना दिसलंही. ती काही बोलणार एवढ्यात पलंगावरून आवाज आला. झटक्यानंतर बायकोकडे 'नको' हा एकच शब्द उरलाय असं कंडक्टर धरून चालले होते. वाकड्या झालेल्या ओठांतून, तुकड्या-तुकड्यांनी, पण अगदी स्पष्ट, ती त्या मुलीचं नाव म्हणाली. मुलगी चमचा टाकून तिच्या गळ्यात पडली.

"परत सांग," कंडक्टर बायकोला म्हणाले, आणि डोळे पुसत लिहायला कागद शोधू लागले.