बादलीवर झाकण ठेवलंय, ताई!

आमच्या उपकेंद्रात औषधं संपतात, किस्से मात्र साठतच जातात. किन्हवलीकडच्या पाड्यांवर मी आशाताई, सोबत आमच्या सिस्टर. गेल्या वर्षी एका रांगत्या पोरीचा हात गरम पेजेच्या टोपात गेला. तिचं रडणं अजून कानातून जात नाही. तेव्हाच दोघींनी ठरवलं, आता एकही लेकरू भाजता कामा नये. लोक आमचं ऐकतात हो, अगदी मान डोलावून!

\*

"भाजलं की टूथपेस्ट नको, हळद नको. आधी गार पाणी ओता," सिस्टरनी बजावलं. आठवड्याभरात एक बाई पोराला घेऊन आली. पोर डोक्यापासून पायापर्यंत निथळतंय आणि भाजलेला हात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला!

"हात कोरडाच ठेवलाय," बाई म्हणाली. "जखमेला पाणी नाय लागू दिलं!"

सिस्टरनी कपाळावर हात मारला.

\*

मग सांगितलं, आंघोळीचं कढत पाणी उघडं ठेवू नका. यमुनावहिनींकडे बघायला गेले, तर बादलीवर लाकडी पाट आणि पाटावर त्यांचा तीन वर्षांचा बंड्या ऐटीत बसलेला! मी किंचाळतच त्याला उचलला.

"बादलीवर झाकण ठेवलंय, ताई! ते सरकू नाय म्हणून त्याला बसवला," वहिनी म्हणाल्या. "तो पण एका जागी राहतो!"

\*

काडेपेटी पोरांच्या हाताला लागू देऊ नका, हे तरी सोपं ना? दत्तूभाऊंनी ती पार माळ्यावर ठेवली. मी शाबासकी दिली. सहज विचारलं, चूल पेटवताना काढतं कोण?

"म्हातारीला चढवत नाय," दत्तूभाऊ म्हणाले. "पोरगाच काढून देतो. भारी हुशार हाय!"

\*

यंदा सिस्टरनी एका घराच्या ओसरीवर मोठी मीटिंगच घेतली. भिंतीवर चित्रांचे तक्ते, समोर पाड्यावरच्या सगळ्या बाया.

"गरम भांडं जमिनीवर ठेवायचं का?"

"नाय!" बाया एका सुरात ओरडल्या.

तेवढ्यात घरच्या सुनेने उकळत्या चहाचा टोप आणून आमच्या मधोमध ठेवला आणि पाठ फिरवून कप मांडायला लागली. तिचं तान्हं रांगत निघालं, थेट टोपाकडे.

"आणि पोरावर नजर कुणाची हवी?"

"आमची!" सगळ्या तक्त्याकडे बघत म्हणाल्या. मीसुद्धा.

दारात तिचा म्हातारा सासरा बसला होता, दोन्ही कानांनी ठार बहिरा. तो झेपावला, पोराचा पाय धरला आणि टोपाजवळून मागे खेचलं. पोराने भोकाड पसरलं, तेव्हा आम्ही वळून बघितलं.

म्हाताऱ्याने पोर मांडीवर घेतलं आणि सिस्टरना हात केला.

"चालू द्या बाय, तुमचं चालू द्या!"