शेठजींचा उंदीर

सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत काठ्यांनी ठेचलेली धामण माझ्या नवऱ्याने उचलून घरी आणली, तेव्हा मी माहेरी जायची पिशवी भरली होती. धामण बिनविषारी असते, असं विज्ञान शिकवणाऱ्या मास्तराने सांगितलं की बायकोने निर्धास्त व्हायचं असतं. ती परसातल्या पडीक न्हाणीत राहिली आणि मी घरात.

जखम भरत आली, पण ती वाळत चालली. तिला उंदीर हवा होता. शेजारणी उदार, शेपटीला धरून मेलेले आणून द्यायच्या. पण सगळे कणकेच्या गोळीतलं औषध खाऊन मेलेले. ते खाऊन धामणही मरायची, म्हणून नवरा एकेकीची उलटतपासणी घ्यायचा. भाजीत मीठ नाही हे ज्याला कधी कळलं नाही, तो हा माणूस!

बिनऔषधाचे उंदीर फक्त कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठजींकडे. ते जैन. मारणं पाप, म्हणून पिंजऱ्यात धरून सकाळी तलावाकाठी सोडून यायचे. त्यांच्याकडे मागायचं कुठल्या तोंडाने?

नागपंचमीला तेच दुधाची वाटी घेऊन आले. दुधाने ती आजारी पडेल, असं नवऱ्याने सांगितलं. शेठजींनी तिचा वर आलेला कणा पाहिला.

"मास्तर, देवाले उपाशी मारून राहिले का तुम्ही?"

"तिला तुमचा उंदीर लागतो, शेठजी."

शेठजी वाटी घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यासकट हजर.

"तलाव बहुत दूर पडते," ते म्हणाले. न्हाणीच्या मोरीवरची वीट सरकवून त्यांनी पिंजऱ्याचं दार उचललं, वीट परत लावली आणि पाठ फिरवली. "मी तं सोडला. पुढं त्याचं नशीब."

मग हे नेमाने चाललं. धामण अंग धरू लागली. तिचं पोट फुगलंय का, ते मीही फटीतून बघायला लागले.

दिवाळीच्या सुमारास ती वीट ढकलून निघून गेली. रिकामी न्हाणी बघून शेठजींचं तोंड उतरलं.

"आता याले कुठं सोडू वं वहिनी?"

"तलाव आहे की."

"दूर पडते न," म्हणत त्यांनी सवयीने पिंजरा उघडला.

त्या उंदराने आठवड्यात माझं तांदळाचं पोतं फोडलं. नवरा म्हणाला, औषधाच्या गोळ्या आणतो.

मी नको म्हटलं. ती परत आली, तर काय खाईल?