कुंतीसाठी मागची सीट

तुलसीरामच्या हातात कलम सोडून दुसरं काही धड टिकत नसे. समुद्रापारच्या बेटावर, क्युरपिप शहरातल्या एका सरकारी कचेरीत तो कारकून होता. घरी, शेजारच्या व्हाकोआ गावात, भिंतीत खिळा ठोकायला घेतला की आधी अंगठा चेचायचा. बायको कुंती पोटभर हसायची आणि त्याच्याकडून हातोडी घेऊन खिळा स्वतःच ठोकायची. १९७८च्या जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, एका सकाळी तिच्या हातून चहाचा कप सुटला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय पुढं ओढत का होईना, चालू लागला. हात मात्र तसाच राहिला, आणि कुंतीची थट्टाही त्या दिवसापासून बंद झाली.

"रोज व्यायामाला आणा," इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. "जे काय सुधारायचं ते पहिल्या काही महिन्यांत. मग आशा धरू नका."

आणायचं कसं? पहिल्याच दिवशी ती बसच्या पायरीवर असतानाच बस हलली आणि कुंती रस्त्यावर आपटली. रोज टॅक्सी करणं कारकुनाच्या आवाक्यातलं नव्हतं. उरली तुलसीरामची जुनी मोटरसायकल. पण मागं बसून ती धरणार कशानं?

क्युरपिपच्या एका दुकानात मागच्या सीटला लावायचे, खुर्चीला असतात तसे हात मिळत. तुलसीराम स्टुलावर बसला, उजवा हात मेल्यासारखा सैल सोडला आणि एकेक जोडी लावून बघू लागला. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाइकाचं डोकं फिरलंय. चकचकीत होते ते इतके अरुंद की कोपर घसरायचं. दुसरे उंच होते, खांदा वर चढायचा. तिसरे रुंद होते, जाड गादीचे, बाहेरच्या कडेला उंचवटा, म्हणजे हात आपोआप खाली पडणार नाही. शिवाय ते वर उचलता येत, चढता-उतरताना अडचण नको. तेच त्यानं घेतले. वेल्डर हरिलालनं पाठीला टेकू आणि कमरेला पट्टा लावून ते गाडीवर पक्के बसवले. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला काहीतरी नीट जमलं, असं तुलसीरामला वाटलं.

कुंती दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली,

"अवो, ह्याच्यात मी पाय कुठं टाकू?"

तुलसीरामनं माप घेतलं होतं ते स्वतःच्या बसण्याचं! बायका साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसतात, कुंती वर्षानुवर्षं तशीच बसली, उजवा हात त्याच्या कमरेला घालून. आणि शहाण्यानं दोन्हीकडं हात लावून आणले.

"बाईमानूस दोनीकडं पाय टाकून बसतं का? साडी गुडघ्यावर घेऊन गावातून जाऊ? त्यापरीस घरात मेलेली बरी."

हरिलालनं सगळं उचकटून आडवं बसवलं. पण आडवं बसलं की तिचा लुळा हातच तुलसीरामकडं येई, आणि तो काय धरणार? पहिल्याच वळणावर ती पट्ट्यातून निसटून कुंपणात पडली. कपाळ फुटलं. तुलसीराम तिला उचलायला धावला तर ती आधी बेटावरच्या बोलीत, मग मराठीत म्हणाली, "मो पा कापाव. नाय जमत मला. आता कुठं नेऊ नका."

त्यानंतर तो कचेरीत जायचा, यायचा, आणि तिचा हात बघत बसायचा. बोटं दिवसेंदिवस आत वळत होती. महिने सरत चालले होते. त्यानं देवाला साकडं घातलं, डॉक्टरांचे पाय धरले. घरात गणपती येणार होता आणि त्याला आरतीचे शब्दसुद्धा नकोसे झाले होते.

चतुर्थीच्या सकाळी तो पूजेसाठी धोतर नेसत होता. वर्षातून एकदाच. कासोटा मागं खोचला आणि त्याचे हात तिथंच थांबले. पूजा तशीच टाकून त्यानं ट्रंक उघडली. तळाशी कुंतीच्या आईचं नऊवारी लुगडं होतं. हल्ली ते कोणी नेसत नसे, आठवण म्हणून ठेवलेलं.

"आईचं?" कुंती म्हणाली. "तुमाला नेसवता येतं?"

"नाय येत. पण धोतर येतं."

तिनं डाव्या हातानं पदर सोडला. त्यानं धोतरासारखंच लुगडं नेसवलं. निऱ्यांचा बोंगा झाला, कासोटा दोनदा सुटला. नेसवणारा रडत होता, नेसणारीही.

हरिलालनं सीट फिरवून तिसऱ्यांदा बसवली. "आता तरी ठरलं ना?" एवढंच त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी कुंती दोन्हीकडं पाय टाकून बसली. पोटऱ्या झाकलेल्या, पट्टा आवळलेला. तुलसीरामनं तिचा लुळा हात उचलून गादीवर ठेवला. शेजारच्या चंद्रकलाकाकी दारात आल्या, आणखी कोणकोण आलं. कुंतीनं मान खाली घातली नाही. तुलसीराम इतक्या हळू चालवत होता की सायकलवाले पुढं जात होते.

पहिलं वळण आलं. वळण गेलं. पाठीमागून आवाज नाही.

"कुंती? बसलीस ना नीट?"

"मी बसले वो," ती म्हणाली. "पर ह्या आळशाला बघा. काम ना धंदा, आन् मेल्याला गादी!"

तिनं आपल्याच हाताची थट्टा केली होती. तुलसीरामनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं.